सावलीच्या बांगड्या

चंद्रहास शेवाळे सरांच्या हाती माइक गेला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात, असं कराडात म्हणत. शाळेत मराठी शिकवणं हा त्यांचा पेशा होता, पण जीव सगळा सूत्रसंचालनात. दुकानाचं उद्घाटन असो, कुणाचा निरोप समारंभ असो की नगराध्यक्षांचा वाढदिवस, सर खिशातून एक चारोळी काढणार आणि टाळ्या घेणार. त्याच माइकनं एके दिवशी त्यांचा घात केला.

झालं असं, की शाळेच्या संस्थेनं पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या शिक्षकांची तपासणी करून घेतली. सरांची साखर काठावर निघाली, रक्तदाब काठावर निघाला आणि पोट तर काठ ओलांडून केव्हाच बाहेर आलेलं होतं. संस्थेनं प्रत्येकाच्या मनगटावर एकेक पट्टा बांधला आणि म्हटलं, पळा. बक्षीस समारंभात सर माइकवर होते, समोर भरगच्च मंडप होता आणि जिभेला हाड नव्हतं. "येत्या हिवाळ्यात संगम दौडीत हा चंद्रहास दहा किलोमीटर धावून दाखवील!" असं ते बोलून गेले. दौडीचे आयोजक, मेडिकल दुकानवाले रंगराव थोरात, पहिल्याच रांगेत बसले होते. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी फोनवर सरांचं नाव नोंदवूनही टाकलं.

घरी ही बातमी ऐकून त्यांच्या पत्नी सुवर्णाबाई हसल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. "एसटी सुटत होती तेव्हासुद्धा तुम्ही कधी पळाला नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसरी येईल म्हणायचात."

"यंत्र आहे ना आता," सर म्हणाले. "ते पळवतं."

यंत्र खरंच पळवत असे. त्याचं नाव 'सावली', आणि त्यामागचं शास्त्र त्या काळात सगळ्या जगात गाजत होतं. आपण समजतो की थकवा पायांत असतो. प्रत्यक्षात तो बराचसा मेंदूत असतो. मेंदू हा मोठा धोरणी राखणदार. कोठीत पोतंभर धान्य शिल्लक असतानाच तो "संपलं, थांबा" म्हणून ओरडतो, कारण वेळप्रसंगी हृदयाला कमी पडू नये ही त्याची काळजी. पाय जड होतात, छाती भरून येते, माणूस थांबतो, आणि बळ मात्र आत तसंच पडून राहतं. हा राखणदार धाकाला किंवा भाषणाला बधत नाही, पण एका आवाजाला बधतो, असा शोध शास्त्रज्ञांना लागला. तो आवाज माणसाच्या स्वतःच्या पावलांचा. आपलीच पावलं जरा पुढून, जरा जलद ऐकू आली, की मेंदूला वाटतं, आपण तर आधीच एवढं पळतोय आणि काही बिघडलेलं नाही. मग तो दोरी थोडी सैल सोडतो.

मात्र पावलं स्वतःचीच हवीत. हाडांची लांबी, सांध्यांची ठेवण, टाच टेकण्याची पद्धत, या सगळ्यांतून प्रत्येकाची चाल ठरते आणि ती सहीसारखी असते. म्हणून मनगटावरचा पट्टा नाडी मोजे, घामातले क्षार मोजे, जमिनीचा धक्का हाडांतून किती वर येतो ते टिपे आणि अंगाशी होणारा बारीकसारीक आवाजही ऐके. त्यावरून तो गणितातला एक देह रची, काही आठवड्यांच्या सरावानंतर हा देह कसा धावेल ते काढी आणि त्याची पावलं ऐकवी. ऐकण्यासाठी कानामागे चिकटवायच्या दोन टिकल्या डब्यात येत. म्हणजे माणूस धावे तो उद्याच्या स्वतःच्या मागे. हृदयाला खरोखर धोका दिसला तर सावली आपणहून हळू होई, आणि माणूस थांबला तर मागे येऊन त्याच्याजवळ उभी राही.

पट्टा एकाच देहासाठी आहे, दुसऱ्याला घालायला देऊ नये, अशी सूचना सुरुवातीलाच येई. सरांनी ती वाचली नाही. आयुष्यभर मुलांना "आधी सूचना नीट वाचा" असं सांगणाऱ्या माणसाला स्वतःला ते कुठून जमणार?

पहिल्या दिवशी सर नदीच्या रस्त्यानं निघाले आणि रसवंतीपाशी बाकड्यावर बसले. "छान. आज सुरुवात झाली," टिकलीतून पट्ट्याचा आवाज म्हणाला. सर खूश झाले. दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या, तिसऱ्या दिवशी बोलायला त्राण उरलं नाही, आणि ही फारच गंभीर गोष्ट होती. तरी रोजच्या रोज जायचं, कारण स्टाफरूममधल्या पडद्यावर प्रत्येकाच्या सलग दिवसांची साखळी दिसायची. एक दिवस चुकला की साखळी तुटे, आणि गणिताचे कुंभार सर चहाचा घोट घेत म्हणत, "अरेरे."

मग उंब्रजला एका लग्नाचं सूत्रसंचालन आलं. भल्या पहाटे निघायचं होतं. सरांनी पट्टा काढला आणि बायकोपुढे धरला. "अगं, हे घाल जरा. घरात इकडून तिकडे करतेसच, तेवढीच पावलं पडतील."

आपल्याकडे घरात एकाचं म्हणून काही नसतंच. एक साबण, एक कंगवा, एकच चार्जर, मग पट्टा तेवढा वेगळा कशाला? सुवर्णाबाईंनी तो बांगड्यांच्या शेजारी बांधला आणि टिकली कानामागे लावली. सर रात्री आले तर साखळी शाबूत होती. मग तो शिरस्ताच पडला. सर आंघोळीला जाताना पट्टा उतरवत, तो सुवर्णाबाईंच्या हातावर चढे आणि संध्याकाळी परत येई. अधूनमधून फोनवर प्रश्न उमटायचा, 'नेहमीपेक्षा वेगळं जाणवतंय. हे तुम्हीच ना?' सर डास मारावा तसं 'होय, मीच' दाबून मोकळे होत.

आणि काय सांगावं, सरांची प्रगती व्हायला लागली. आकडे चढले. कुंभार सर गप्प झाले. मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर सरांचा दाखला दिला. घरकामात एवढं चालणं होतं का, असा प्रश्न सरांच्या मनात एकदा येऊन गेला, पण आकडा वाढत असला की माणूस कारण विचारत नाही. दोन कार्यक्रमांत त्यांनी माइकवरून तरुणांना चार शब्दही सुनावले. "शरीर हे मंदिर आहे, आणि मी रोज प्रदक्षिणा घालतो!"

मंदिराचा पुजारी मात्र रसवंतीच्या पुढे जेमतेम ओढ्यावरच्या मोरीपर्यंत पोचत होता. सावली पुढे सुसाट जायची, सरांचे पाय काही ऐकायचे नाहीत. राखणदार दोरी सैल सोडेना. शिवाय अलीकडे कानात पावलांबरोबर एक बारीक किणकिण यायला लागली होती. सरांनी मदत केंद्राला फोन लावला.

"सर, सावलीत तुमच्या अंगाशी नेहमी होणारा आवाज मिसळतो," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुम्ही हातात काचेचं काही घालता का?"

"मी मराठीचा शिक्षक आहे," सर कडाडले.

"नाही सर, म्हणजे कडं, माळ..."

सरांनी फोन ठेवला. बिघाडच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोरीवर नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवून थांबले. धुकं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सावलीची पावलं पुढे गेली, मग वळली आणि मागे आली. डावं पाऊल जरा जड, उजवं हलकं, मध्येच किणकिण. सरांना ती चाल ओळखीची वाटली. घरात माणूस न बघता कळतं, कोण जिना चढतंय, कोण माजघरातून येतंय. ही चाल ते रोज सकाळी ऐकत होते. वर्तमानपत्रातून मान वर न काढता ते या पावलांच्या दिशेनं हात पुढे करत आणि हातात चहाचा कप येई.

त्या दिवशी सर दुपारीच शाळेतून निघाले आणि रसवंतीत आतल्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळानं नदीच्या बाजूनं सुवर्णाबाई आल्या. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा मागे राहिलेले तिचे बूट पायांत, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, घामानं कपाळ चमकत होतं. त्या पळत होत्या. चांगल्या पळत होत्या. "हो गं बाई, येते, तू हो पुढं," असं सावलीला म्हणत त्या हसल्या आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या. सरांना राग आला, हेवा वाटला आणि त्याहून जास्त दचकायला झालं. असं हसताना त्यांनी तिला कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. समोरचा रस तसाच राहिला.

संध्याकाळी सुवर्णाबाई मेथी निवडत होत्या.

"तू पळतेस?"

"पळते." त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या पट्ट्यावर?"

"तुम्हीच घातलात माझ्या हातात."

"अगं, पण सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत का, एवढी पावलं कुठून येतात म्हणून?" आता त्यांनी मान वर केली. "मी मसूरच्या शाळेत खो-खोच्या संघात होते. माहीत आहे तुम्हाला?"

सरांना माहीत नव्हतं. हजार माणसांची ओळख करून देणाऱ्या सरांना हे माहीत नव्हतं.

"पहिल्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तर कानात ते म्हणालं, छान झालं आज. मी मागं वळून बघितलं, कोणाला म्हणतंय म्हणून." सुवर्णाबाईंनी मेथीची एक काडी मोडली. "या घरात भाकरी करपली तर सगळ्यांना कळतं. चांगली झाली तर नुसती संपते. म्हटलं, बघू अजून काय म्हणतंय. म्हणून पळायला लागले."

सरांचा फोन वाजला. पुन्हा तोच प्रश्न, 'हे तुम्हीच ना?' सरांनी पहिल्यांदाच 'नाही' दाबलं.

उत्तर लगेच आलं. पट्ट्यात दोन देह आढळले होते. सावली जवळजवळ सगळी दुसऱ्या देहाची बनली होती, कारण जास्त धावला तो देह. आता एकच ठेवता येईल, दुसरा कायमचा पुसला जाईल. दौडीची नोंदणी ज्याचा देह राहील त्याच्या नावे होईल. नवी नोंदणी बंद झालेली होती, आणि नवी सावली घडायला महिने लागले असते.

सर मनात हिशेब करू लागले. स्वतःला ठेवलं तर सुवर्णानं कमावलेलं सगळं जाणार, पण नाव राहील. पाय मुरगळला म्हणता येईल, निम्म्यातून परतता येईल. तिला ठेवलं तर पडद्यावर, प्रार्थनेत, माइकवर जे मिरवलं ते सगळं बायकोचं होतं हे गावाला कळणार.

सुवर्णाबाईंनी ते वाचलं. हातातला पट्टा सोडला आणि फ्रिजवर ठेवला. "ठेवा तुमचा. तुमच्या नावाची दौड आहे," असं म्हणून त्या मेथीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पळायला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा वेळेवर आला, पण मुलीचे बूट जिन्याखाली गेले होते.

चौथ्या दिवशी सर पट्टा घालून निघाले. कोणाचा देह ठेवायचा, हा फोनवरचा प्रश्न अजून तसाच होता. कानात सुवर्णाची पावलं होती, काही आठवड्यांनंतरची, अजून न धावलेली, आणि त्यांत ठेका होता, ऐट होती. गणितानं चार महिन्यांत हिच्यात जे पाहिलं ते आपल्याला संसारभर दिसलं नाही, हे सरांच्या मनाला फार लागलं. मोरीपाशी त्यांचा दम संपला. पावलं पुढे गेली, वळली, मागे आली आणि त्यांच्याजवळ थांबली. ही आपल्यासाठी अशीच थांबत आली आहे, असं त्यांना वाटलं. तिथंच मोरीच्या कठड्यावर बसून त्यांनी 'सुवर्णा' हे नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

घरी येऊन त्यांनी पट्टा तिच्या बांगड्यांशेजारी स्वतः बांधला. सुवर्णाबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी माइक सांभाळीन."

"म्हणजे तिथंही तुम्हीच बोलणार," त्या म्हणाल्या, पण जिन्याखालून बूट काढताना गुणगुणत होत्या.

रंगरावांकडे जाताना मात्र सरांचं धैर्य चौकातच गळालं. "गुडघ्यानं दगा दिला," ते म्हणाले. "माझ्या जागी घरची मंडळी पळेल."

"वैनी?" रंगराव थक्क झाले. "बरं, पळू द्या की. पर वाईट वाटलं बघा, सर. तुमची तयारी लई झाली हुती."

गुडघ्याची बातमी गावभर झाली. कुंभार सरांनी तेलाची बाटली आणून दिली. सरांनी ती घेतली आणि मान खाली घातली.

दौडीच्या दिवशी प्रीतिसंगमाच्या बागेपाशी कमान उभी होती. रंगरावांना हौस दांडगी. त्यांनी कोयनेच्या पुलापर्यंत खांबोखांबी भोंगे बांधले होते. कमानीशेजारच्या टेबलावर सर माइक घेऊन बसले होते आणि पट्टा टिपेल तो सगळा आवाज ऐकवणारी दुसरी टिकली त्यांच्या कानामागे होती. तोंडानं ते चारोळ्या म्हणत होते, कानानं दोन जोड पावलं ऐकत होते. पुढे सावली, मागे सुवर्णा. दोघींच्या बांगड्या.

बराच वेळ सगळं ठीक चाललं. मग पुलाजवळ मागची पावलं रेंगाळली. दोन पावलं टाकली, एक टाकलं आणि थांबली. सावली वळली, मागे आली, उभी राहिली. फोनवर नाडी ठीक दिसत होती, सावली हळू झालेली नव्हती. म्हणजे धोका नव्हता, राखणदारानंच दोरी आवळली होती. सरांच्या कानात आता फक्त धापा येत होत्या.

"सर, बोला की," रंगराव कुजबुजले. "मंडळी खोळंबलीत."

सरांच्या हातात माइक होता आणि तोंडात शब्द नव्हता. कराडानं असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कुंभार सरांकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मग पुलाकडे जाणाऱ्या भोंग्यांच्या रांगेकडे. ते उभे राहिले.

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले, आणि तो आवाज भोंग्याभोंग्यातून पुलापर्यंत गेला. "मी कधी मोरीच्या पुढं गेलोच नाही. पडद्यावर दिसत होतं ते सगळं पळणं दुसऱ्या माणसाचं होतं. लग्नात मी उखाणा घेतला होता तो टाळ्यांसाठी. आज खरा घेतो.

कृष्णेला मिळाली कोयना, एक झालं पाणी,
पट्टा माझ्या नावाचा, पावलं सुवर्णाची, हीच खरी कहाणी!"

समोरच्या मंडपात बायकांच्या बाजूनं जो हशा आणि टाळ्यांचा गजर उठला तो थांबेचना. सरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. कानात एक पाऊल पडलं. मग दुसरं. डावं जड, उजवं हलकं. राखणदार आणखी एका आवाजाला बधतो, हे शास्त्रज्ञांनी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

पावलं जलद झाली. सावली पुढे निघाली, पण आता अंतर तुटत होतं. दोन किणकिणी जवळ आल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि थोडा वेळ तर दोघी एकच होऊन धावल्या. मग सरांनी टिकली कानाशी दाबली. जिवंत पावलं पुढे होती. सावली मागे पडली होती.

"आली! बघा, आली!" सर माइकवर ओरडले. चारोळी नाही, अलंकार नाही. वळणावरून सुवर्णाबाई आल्या, ओढणी कमरेला, तोंड लालभडक, आणि कमानीखालून अशा गेल्या की फीत धरणारी मुलंही मागे सरकली. वरच्या फलकावर नाव झळकलं, सुवर्णा शेवाळे. त्यांच्या वयाच्या बायकांत त्यांच्या पुढे कोणीच नव्हतं. गावानं ते नाव मोठ्यानं वाचलं. कुंभार सर तर खुर्चीवर चढून शिट्ट्या वाजवत होते.

पाणी पिऊन सुवर्णाबाई टेबलापाशी आल्या. "पुलावर ऐकू आलं सगळं," त्या म्हणाल्या. "गावासमोर सांगायची काय गरज होती?"

"फुशारकी गावासमोरच मारली होती ना."

"ते झालं गावासाठी. मला काही म्हणायचंय?"

सवयीनं सरांचा हात माइककडे गेला. सुवर्णाबाईंनी तो उचलून रंगरावांच्या हातात दिला. बांगड्या किणकिणल्या.

"छान धावलीस आज," सर म्हणाले. माइक नसला की त्यांचा आवाज एवढा हळू येतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सुवर्णाबाई हसल्या, रसवंतीतून पाहिलं होतं तेच हसू. "उद्यापासून तुम्ही," त्या म्हणाल्या. "मोरीपर्यंत या. मी पुढं जाऊन परत येते तुमच्यासाठी."